चार्ज म्हणजे वझं

आमच्या वर्गाला पाठ्यपुस्तक नाही. कोपरखैरण्यात सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल भिंतीकडे सरकवून आम्ही संध्याकाळी बसतो. आठवडाभरात कानावर पडलेला एक इंग्रजी शब्द प्रत्येकीने आणायचा, तो कुठे ऐकला, कोण कुणाला म्हणालं, कशावरून म्हणालं ते सगळं सांगायचं, एवढाच नियम. येणाऱ्या बहुतेक जणी माथाडींच्या घरातल्या. कुणाचे यजमान तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात हमालांच्या टोळीत आहेत, कुणाचे सासरे दाणाबंदरातून रिटायर झालेत. गावं पाटण, जावळी, शिराळा, जुन्नर अशी. शाळा सातवीपर्यंत, फार तर दहावी. इंग्रजी शब्द त्यांच्या बोलण्यात पावलोपावली असतात. ओळखीचा शब्द दुसऱ्याच कामाला जुंपलेला ऐकला की मात्र अडायला होतं.

त्या संध्याकाळी चौघींनी ठरवून आणावा तसा एकच शब्द आणला. एकीच्या मुलाला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत रात्रपाळीचा चार्ज मिळाला होता. दुसरीने टीव्हीवर चार्जशीट ऐकलं होतं. तिसरीच्या हातात विजेचं बिल होतं, त्यावरून घरी फिक्स्ड चार्जची चर्चा झाली होती. चौथी फोन प्लगला लावता लावता म्हणाली, "माझा पण तोच, चार्जिंग." ढेबेवाडीच्या काकी आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "बाई, एका शब्दाच्या अंगावर एवढी कामं पडली तरी कशी?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. शाळेत याचं उत्तर यादी करून मिळतं. चार्ज म्हणजे शुल्क, चार्ज म्हणजे आरोप, चार्ज म्हणजे हल्ला, चार्ज म्हणजे ताबा, चार्ज म्हणजे विद्युतप्रभार. करा पाठ. यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरून जाते, कारण एका ओळीचा दुसरीशी काय संबंध ते कुणी सांगितलेलंच नसतं. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला तर अशा याद्या देऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे. तिने आयुष्यभर कारण विचारूनच गोष्टी शिकलेल्या असतात. मीठ आधी का घालायचं नाही, मेथी कधी निवडायची, मुकादमाशी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, सगळ्याला कारण असतं. शब्दालाही असतं.

यात कोशाचाही थोडा वाटा आहे. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या छोट्या डिक्शनरीत जो अर्थ जास्त वापरात तो वर असतो, त्यामुळे चार्ज उघडला की बहुतेक वेळा पहिल्यांदा पैसे दिसतात. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जी १८८४ ते १९२८ या काळात हप्त्याहप्त्याने छापून पुरी झाली, ती उलट चालते. शब्द आधी कुठल्या अर्थाने आला, मग कुठे गेला, या क्रमाने ती अर्थ लावते. तिच्यात चार्जचा जुना अर्थ पैसा नाही, आरोप नाही, वीज तर नाहीच. माल. वाहून न्यायचा माल.

फळ्यावर मी दोन चाकांची गाडी काढली. जुन्या युरोपात गॉल लोकांकडे अशा गाड्या होत्या, त्यांच्याकडून रोमन लोकांनी गाडी घेतली आणि नावही घेतलं, कारुस. गाडीत माल भरायचा त्याला पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये कार्रिकारे. फ्रेंच लोकांच्या तोंडी त्याचं झालं शार्जे, आणि फ्रान्समध्ये आजही ट्रकमध्ये सामान भरायला हाच शब्द आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या फ्रेंचबरोबर हाही शब्द तिकडे गेला आणि चार्ज झाला. याच घरातली बाकीची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. कार. कॅरी, म्हणजे कॅरी बॅगमधला कॅरी. विमानतळावरचा कार्गो. मुलांचं करिअर सुद्धा, कारण ते मुळात गाडीवाटेचं नाव. एवढंच काय, वर्तमानपत्रातलं कॅरिकेचर इटालियनमधून आलं, त्याचा अर्थ मुद्दाम जास्तीचं लादून काढलेलं चित्र.

काकी एवढा वेळ गाडीकडेच बघत होत्या. "म्हंजी वझंच की!" त्या म्हणाल्या. "चार्ज म्हंजी वझं."

मी खडू खाली ठेवला. मला जे समजवायला अर्धा तास लागला असता ते त्या दोन शब्दांत बोलून बसल्या होत्या.

आता या बायकांना ओझं म्हणजे काय हे सांगायला नको. माथाडी या शब्दात माथा आहे, माथ्यावर वाहतो तो माथाडी. त्या नावाचा कायदा आहे, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९. त्याने बोर्ड आले, हजेरी आली, मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची पद्धत आली, आणि बोर्डात नाव असलेल्या हमालाला प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हे शब्द कळले. ज्यांनी हे घडवलं ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे काकींच्या गावाजवळचेच. त्यांचा फोटो आमच्या सेक्टरमधल्या कितीतरी घरांत देवाच्या शेजारी आहे. या घरांत ओझं हा रोजचा हिशेब आहे. गोणी किती किलोची, गाडी किती टनाची, टोळीत माणसं किती, खाली करायला वेळ किती, वाराई किती. मग एक गोणी पाठीवर घेतली म्हणजे नेमकं काय होतं ते आम्ही बोललो. ती कुणीतरी तुमच्यावर ठेवते. ती ठेवल्यावर तुम्ही अडकता, पोचवल्याशिवाय सुटका नाही. आणि उतरवली की मोकळे. ठेवणं, अडकणं, उतरवणं. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर चार्जचा कुठलाही अर्थ हाताने लावता येतो.

मी विचारलं, आपल्याकडे गाडीत माल घालण्याला काय म्हणता? "गाडी भरणं." मग आणखी काय काय भरतात ते सांगा. हंडा भरतात. फॉर्म भरतात. बिल भरतात. बंदूक भरतात, हे एकीने टीव्हीवरून सांगितलं. थोडं थांबून जुन्नरच्या वहिनी म्हणाल्या, "खटला भरतात."

वर्गात एकदम गलका झाला. गाडी, बंदूक, पैसे, खटला. इंग्रजांनी चार्जला ज्या ज्या कामाला लावलं जवळपास त्या सगळ्या कामांना आपण भरणं लावलेलं आहे, आणि कुणी कुणाचं बघून केलेलं नाही. ओझ्याचा अनुभव सगळीकडे सारखाच, त्यामुळे वाटही सारखी निघाली असावी, असं मला वाटतं. आपल्या भरणं आणि भार या शब्दांच्या मुळाशी संस्कृतातला भृ आहे, आणि इंग्रजीत वाहणं, सोसणं यासाठी जो बेअर आहे तो त्याचाच लांबचा भाऊ. चार्ज मात्र त्या घरातला नाही. तो गाडीवाल्यांच्या घरातला.

एकदा भार हाताशी आला की सरकारी मराठीही उलगडायला लागते. साहेबाने पदभार स्वीकारला, म्हणजे चार्ज घेतला. प्रभारी मुख्याध्यापिका, म्हणजे इन्चार्ज. अधिभार, म्हणजे सरचार्ज, आधीच्या ओझ्यावर आणखी ओझं. अकरावीच्या पुस्तकातला विद्युतप्रभार. हे शब्द ज्यांनी घडवले त्यांना इंग्रजी शब्दातलं ओझं दिसलेलं होतं आणि त्यांनी ते मराठीत जसंच्या तसं उचलून ठेवलं. आपण या शब्दांना बोजड म्हणून नाकं मुरडतो. मला ते आवडतात. त्यांत विचार आहे.

फोनवरून मात्र वाद झाला. एक मावशी आपल्या अकरावी सायन्सच्या लेकीला बरोबर घेऊन येतात, ती मुलगी म्हणाली, "मग चार्ज झाल्यावर फोन जड होतो का?"

विजेत हा शब्द शिरला तो बंदुकीच्या वाटेने. बंदुकीत दारू-गोळी ठासायची त्याला चार्ज म्हणत, आणि एका वेळी ठासायच्या दारूलाही चार्जच. १७४५-४६ च्या सुमारास लेडन जार नावाची काचेची बरणी निघाली, पुढे तिला आत-बाहेर धातूचा पत्रा लावू लागले, तिच्यात वीज साठवता यायची. बरणी भरली की हात लावणाऱ्याला असा झटका बसायचा की ती भरलेली बंदूकच वाटावी. तिला चार्ज केलेली बरणी म्हणू लागले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने अशा अनेक बरण्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांना नाव दिलं बॅटरी, जे तोपर्यंत तोफांच्या रांगेचं नाव होतं. तेव्हा आपण फोनची बॅटरी चार्ज करतो म्हणतो त्यातले दोन्ही शब्द तोफखान्यातले आहेत.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की फोन जड होत नाही. ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरताना तिच्यातून १८,००० कूलोम प्रभार फिरतो, पण जितका एका टोकाने आत येतो तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर जातो. बॅटरीच्या आत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, आणि फोन वापरताना परत येतात. साठते ती ऊर्जा. मुलगी म्हणाली, म्हणजे गोणी गोदामातच राहते, फक्त माळ्यावर चढवून ठेवली जाते. तिचे वडील मार्केटात आहेत आणि ती फिजिक्स शिकते, हे दोन्ही त्या एका वाक्यात होतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

विजेचं बिल आम्ही टेबलावर पसरलं. महावितरणचं बिल मराठीत असतं आणि ते नीट वाचलं तर भाषेच्या पुस्तकाइतकं शिकवतं. मंजूर भार, म्हणजे तुमच्या मीटरला किती किलोवॅटची परवानगी आहे ते. हा भार मात्र लोडचा, चार्जचा नव्हे. मग ओळीने स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. इंग्रजीत हे फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज. म्हणजे पैशातला चार्ज इथे आकार झालाय. वीज शुल्क म्हणून जी वेगळी ओळ आहे ती सरकारच्या कराची, इंग्रजीत ड्यूटी. शाळेच्या यादीत चार्ज म्हणजे शुल्क असं पाठ केलेल्याची इथेच फसगत होईल. आकार हा आपल्याकडचा जुना महसुली शब्द, सातबाऱ्यावर जमिनीची आकारणी असते ती आठवा. अमुक इतकं तुमच्या नावावर बसवलं, तो आकार.

बिल आणणाऱ्या वहिनींची तक्रार होती की दिवाळीत घर बंद होतं, गावाला होतो, तरी पैसे का? स्थिर आकार त्याचाच आहे. तार तुमच्या दारापर्यंत आणून ठेवलीय, मीटर लावलाय, तुम्ही दिवा लावा न लावा, जोडणी असेपर्यंत ते ओझं तुमच्यावर आहे. वीज आकार मात्र जाळलेल्या युनिटवर. आणि वहन आकार म्हणजे वीज तारांतून तुमच्यापर्यंत वाहून आणल्याची हमाली. हे कळल्यावर वहिनींनी दोन वेगळ्या महिन्यांची बिलं काढून शेजारी शेजारी ठेवली आणि कुठली ओळ हलली, कुठली तशीच राहिली ते स्वतः बोटाने दाखवलं. मार्केटच्या पट्टीशी त्यांनी ते लगेच जुळवलं. गावाकडून माल आला की आडत्याच्या पट्टीत विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा होतं. प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी कामाचे पैसे, शेतकऱ्याच्या मालावर बसलेले.

आरोपाकडे आम्ही यानंतर वळलो, आणि इथे मला जास्त बोलावं लागलंच नाही. "त्यानं केलं आन् ह्याच्या माथी मारलं," काकी म्हणाल्या. माथी मारणं, अंगावर येणं, नावावर लावणं, आपली सगळी बोली ओझ्याचीच आहे. आरोप हा संस्कृत शब्दही तेच सांगतो. आरोपण म्हणजे वर चढवणं, ठेवणं. कुणी केलेली गोष्ट एखाद्याच्या डोक्यावर ठेवणं तो आरोप, मग ती त्याने केलेली असो वा नसो.

ते शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं, कारण चार्जशीट या शब्दाने घराघरात किती नुकसान होतं ते मी पाहिलंय. टीव्हीवर चार्जशीट आलं की माणूस दोषी ठरला असंच लोक धरून चालतात. पोलिसांचा तपास संपल्यावर ते कोर्टात अहवाल देतात, ते चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा टप्पा आहेच. त्यानंतर कोर्ट कागद बघून ठरवतं की खटला चालवण्याइतकं यात काही आहे का. असेल तर आरोप निश्चित होतात, त्याला चार्ज फ्रेम होणं म्हणतात. नसेल तर डिस्चार्ज, म्हणजे दोषमुक्ती, ओझं तिथेच उतरलं. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता, तिचा इंग्रजी शब्द वेगळा. पोलिसांनी ठेवलेलं ओझं, कोर्टाने मोजून ठेवलेलं ओझं, आणि शिक्षा, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यांत सुंदर अर्थ काकींनीच सापडवला, आणि तो माझ्या यादीत नव्हताच. त्यांच्या पिशवीत गावच्या जमिनीचा सातबारा होता, दिराकडून आलेला. इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीचं नाव, रक्कम, आणि पुढे शब्द, बोजा. "ह्याला विंग्रजीत काय म्हंत्यात?"

ह्याला चार्जच म्हणतात! मी घरी येऊन पुन्हा खात्री करून घेतली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, त्याचं कलम १०० याच चार्जची व्याख्या करतं. जमीन तुमचीच असते, ताबा तुमचाच, पण अमुक देणं फिटेपर्यंत ती त्या देण्याला बांधलेली. गहाणात जमिनीतला काही हक्क दुसऱ्याकडे जातो, चार्जमध्ये तसा जात नाही, फक्त ओझं बसतं. सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद इकरार करून देतो, तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. कर्ज फेडलं की बोजा उतरवायचा. चढवणं, उतरवणं, हीच क्रियापदं तलाठी वापरतो, हीच टोळीतला माणूस वापरतो. इंग्रजीतल्या पुस्तकी कायद्याला ढेबेवाडीच्या रकान्यात इतका नेमका शब्द मिळालेला होता, आणि तो आपल्याला मुद्दाम कुणी शिकवला नाही याचं मला वाईट वाटतं. ज्या घरात कुणी इंग्रजी शिकतंय त्या घरात सातबारा असेल तर तो समोर घेऊन बसा, असं मी आता सगळ्यांना सांगते. काकींच्या सातबाऱ्यावरचं कर्ज फिटून बराच काळ झाला होता, पण बोजा कमी केल्याची नोंद दिसत नव्हती. सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे देणं उरलं नसल्याचा कागद, घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, हे त्याच संध्याकाळी दिराला फोन करून सांगितलं गेलं.

लाठीचार्जचं थोडक्यात सांगते. जुन्या काळी घोडेस्वार भाला आडवा धरून नेम लावायचा, शस्त्र असं कामाला सज्ज करण्यालाही चार्ज म्हणत. मग तसा भाला रोखून धावून जाणं हाच चार्ज झाला. मराठी वर्तमानपत्रं लाठीमार लिहितात, आणि तो शब्द जास्त खरा आहे.

डिस्चार्जला मात्र वेळ द्यायला हवा, कारण पाटणच्या बायकांना त्याचा एक अर्थ आपल्याहून चांगला कळतो. दवाखान्यातून डिस्चार्ज सगळ्यांना ठाऊक असतो. बॅटरी डिस्चार्ज होते तेही. पण जुलै-ऑगस्टमध्ये कोयना धरणाचे दरवाजे वर उचलले की बातम्यांत येतं, इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. हा विसर्ग म्हणजे डिस्चार्ज. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, त्यावरून हजारांचा हिशोब करून बघा. धरणावरचं ओझं उतरवतात आणि ते खालच्या गावांवर येतं. एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडं विसर्ग वाढला म्हटलं की आधी गुरं सोडायची." एवढ्या जाणतेपणाने तो शब्द मी कुठल्याही कोशात वाचलेला नाही.

मग बोलायचा सराव. अर्थ कळला तरी इंग्रजीत ओझं कशाचं ते दाखवायला पुढे छोटे शब्द लागतात, आणि तिथे हयगय चालत नाही. 'दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड', म्हणजे माझ्याकडून पाचशे घेतले. 'दे चार्ज्ड मी विथ थेफ्ट', म्हणजे माझ्यावर चोरीचा आरोप ठेवला. मध्ये फक्त विथ आहे. कशाचे पैसे, तर चार्ज फॉर. कुणाच्या खात्यावर, तर चार्ज टू. अंगावर धावून आला, तर चार्ज्ड अ‍ॅट. बिलाच्या खिडकीपाशी उभं राहून विचारायचं वाक्य आम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं: 'व्हॉट इज धिस चार्ज फॉर?' ते चिडून विचारायचं नाही आणि घाबरूनही नाही, ओळीवर बोट ठेवून शांतपणे विचारायचं. माझ्या मते इंग्रजी शिकून रोज हाताशी येणारं याहून उपयोगी वाक्य नाही.

सगळ्यांत अवघड जोडी राहिली. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ'. पहिल्यात ओझं वाहणारा बोलतोय, दुसऱ्यात ओझ्याबद्दल बोललं जातंय. मधला एवढासा 'द' सगळं उलटं करतो. शिराळ्याच्या मावशी वाशीत एका घरी आजारी आजींना सांभाळायला जातात, बारा तासांची ड्यूटी. एजन्सीच्या कागदावर आजींबद्दल लिहिलेलं होतं, 'इन द चार्ज ऑफ अटेंडंट'. मावशींना वाटत होतं की आजीच त्यांच्यावरच्या साहेबीण आहेत असं काहीतरी त्यात आहे. मी सांगितलं, नाही, सांभाळायला दिलेल्या माणसालाही इंग्रजीत चार्ज म्हणतात. नर्सचा चार्ज म्हणजे तिचा पेशंट, दाईचा चार्ज म्हणजे ते बाळ.

"म्हणजे आजी माझ्यावर आहेत," मावशी म्हणाल्या.

बरोबर. आणि तुम्ही आजींच्या इन्चार्ज.

त्यांना आता एक अडचण सोडवायची होती. रात्री आठला बदलीची बाई येते, तेव्हा वहीत लिहायचं असतं. ते वाक्य त्यांना येत होतं, 'चार्ज हँडेड ओव्हर', खाली बीपीची गोळी, इन्सुलिनचं युनिट, जेवण किती गेलं. पण बाई आलीच नाही तर काय लिहायचं? तसं होतं अधूनमधून. लोकल अडकते, पोर आजारी पडतं. आजींना एकटं सोडून निघता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एजन्सीवाले म्हणतात, तुम्ही थांबलात याला पुरावा काय?

आम्ही सगळ्यांनी मिळून ते वाक्य बसवलं. 'रिलीव्हर हॅज नॉट कम. आय अ‍ॅम स्टिल इन चार्ज ऑफ द पेशंट.' शेजारी वेळ घालायची, दर तासाला, आणि घरातल्या कुणाची तरी सही घ्यायची. पैसे मागताना एजन्सीला त्या तासांचा वेगळा चार्ज लावायचा, आणि कशासाठी म्हणून विचारलं तर तीच वही पुढे करायची.